ट्रायजेमिनल न्यूराल्जिया: कानामागचं ऑपरेशन, गालातली सुई की गॅमा नाइफ?

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणजे चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल नसेचं दुखणं. दात घासताना किंवा गार वारा लागताच गालात करंट बसावा तशी कळ येते आणि काही सेकंदांत जाते. योग्य निदान होईपर्यंत कित्येकांचा एखादा चांगला दातही काढून झालेला असतो. पहिला उपाय गोळ्यांचाच: कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन. डोस वाढवूनही कळ थांबेना, किंवा गुंगी, तोल जाणं, रक्तातलं सोडियम घटणं सोसेना, की शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो.

तेव्हा ‘कमीत कमी चिरफाड’ होणारा उपाय हवा असं वाटलं, तर ती चिरफाड कुणाची, कातडीची की नसेची, एवढं आधी विचारा.

मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशनमध्ये कानामागे कवटीला छोटी खिडकी पाडतात, नसेवर टेकलेली रक्तवाहिनी बाजूला करतात आणि मध्ये टेफ्लॉन ठेवतात. ऐकूनच धडकी भरते, पण नसेला मुद्दाम इजा न करणारा तिघांतला हा एकच मार्ग. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पिट्सबर्गच्या ११८५ रुग्णांच्या अभ्यासात दहा वर्षांनंतर सुमारे ७० टक्के लोक औषधाविना वेदनामुक्त होते. मात्र पूर्ण भूल लागते, काही दिवस रुग्णालयात राहावं लागतं. त्या कानाने कमी ऐकू येणं आणि क्वचित पक्षाघात हे धोकेही आहेत.

सुईचा मार्ग गालातून कवटीच्या तळाशी असलेल्या छिद्रापर्यंत जातो. तिथे उष्णतेने, फुग्याच्या दाबाने किंवा ग्लिसरॉलने नस दुखावतात. आराम बहुधा लगेच पडतो, एक-दोन दिवसांत घरी जाता येतं. मोबदला म्हणजे चेहऱ्याचा बधिरपणा, आणि काही वर्षांत दुखणं परतण्याची बरीच शक्यता. तेव्हा पुन्हा करता येतं. कळ डोळ्या-कपाळाकडे असेल तर उष्णतेऐवजी फुग्याबद्दल विचारा, कारण बुबुळ बधिर झालं तर डोळ्यात गेलेला कचराही कळत नाही.

गॅमा नाइफमध्ये डोकं उघडायचं नाही, पूर्ण भूल नाही. नसेवर नेमक्या सोडलेल्या किरणोत्साराची एक बैठक. पण गुण यायला आठवडे, कधी महिने लागतात. कळेपायी घोटभर पाणीही गिळवत नसेल त्याला एवढी वाट पाहा म्हणणं क्रूरपणाच. रक्त पातळ करणारं औषध थांबवता येत नसेल, तर मात्र याचा आधी विचार व्हावा.

एमआरआयमध्ये नस दाबली गेल्याचं स्पष्ट दिसत असेल आणि तब्येत भूल सोसणारी असेल, तर माझा कल कानामागच्या ऑपरेशनकडे. नुसतं वय जास्त म्हणून ते बाद करू नये. मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंचं आवरण खराब करणारा आजार) त्रास असेल तर सहसा सुई किंवा गॅमा नाइफ. झटके नसून सतत जळजळ असेल, तर तिन्हींचा भरवसा कमी. आणि सर्जन यातलं एकच करत असतील, तर दुसरं मत घ्याच.