कौन्सिलचे घर सोडताना: नोटीस की अदलाबदल?

इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) भाड्याच्या घरात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला दुसऱ्या शहरी जायचे आहे. नोटीस द्यावी की दुसऱ्या भाडेकरूशी घराची अदलाबदल करावी, हे तिला ठरवता येत नाही. वेळेच्या दृष्टीने नोटीस सोपी, कारण सहसा 4 आठवड्यांची लेखी सूचना पुरते. अदलाबदलीत मात्र अर्जानंतर निर्णयासाठीच कौन्सिलला 42 दिवस मिळतात, शिवाय थकबाकी आधी फेडावी लागू शकते. पण मला काळजी सुरक्षिततेची वाटते: नोटिशीने भाडेहक्क संपतो, बेमुदत संयुक्त करारात तर एकाच्या नोटिशीने दोघांचाही, आणि पुढे बेघर झाल्यास ते स्वतःहून ओढवलेले ठरवले जाऊ शकते. पुढचे घर पक्के असेल त्याने नोटीस द्यावी. परवडणारे घर हातचे जाऊ द्यायचे नसेल, त्याने अदलाबदलीसाठीच थांबावे.