मेक्सिको सिटीची हवा-मापन सेवा 'सिमात': ओझोनची कारणं शोधायला कितपत उपयोगी?

उंचावरच्या शहरात जमिनीलगतचा ओझोन कसा वाढतो, हे आकड्यांतून पडताळायचं असेल तर 'सिमात'इतकं सोयीचं साधन क्वचितच मिळेल. शहर सरकारची ही सेवा फुकट आहे. १९८६ पासूनच्या तासातासाच्या नोंदी उतरवून घेता येतात. पानं स्पॅनिशमध्ये आहेत, पण स्तंभांना ओ-थ्री (ओझोन), एनओ-टू (नायट्रोजन डायऑक्साइड) अशीच नावं असल्याने अडत नाही. मुखपृष्ठावरचा रंगीत निर्देशांक बाहेर पडावं की नाही एवढंच सांगतो; कारणं शोधणाऱ्याने थेट फायलींकडे वळावं.

मार्च ते मे मधला, पावसाळ्याआधीचा एखादा निरभ्र दिवस निवडा. शहराच्या मध्यातलं मर्सेड आणि नैर्ऋत्येचं पेद्रेगाल, या दोन केंद्रांचे आलेख शेजारी ठेवा. सकाळच्या गर्दीत मर्सेडला वाहनांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड चढतो आणि ओझोन तळाला जातो, कारण ताजा नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो आणि स्वतः नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. ऊन तापलं की नायट्रोजन डायऑक्साइड फुटतो, सुटा ऑक्सिजन अणू ओझोन घडवतो. तीच हवा डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात नैर्ऋत्येकडे सरकते आणि पेद्रेगालचा आकडा भर दुपारी शिखर गाठतो. धूर एकीकडे, ओझोन भलतीकडे! २२४० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ७७ टक्के, त्यामुळे अतिनील किरणं जास्त पोचतात. त्यांच्याही नोंदी इथेच आहेत.

दोन ठिकाणी गफलत होते. न मिळालेल्या नोंदीच्या जागी -९९ असतो. तो न काढता सरासरी घेतली की उत्तर खड्ड्यात. दुसरं, पीपीबीला (हवेच्या एक अब्ज भागांतले भाग) दोनाने गुणून मायक्रोग्रॅम काढायची सवय. २५ अंश तापमानाला १०० पीपीबी म्हणजे समुद्रसपाटीवर घनमीटरमागे १९६ मायक्रोग्रॅम, पण इथल्या दाबाला सुमारे १५०. मापदंडाशी तुलना पीपीबीतच करावी: जागतिक आरोग्य संघटनेची आठ तासांची १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा साधारण ५१ पीपीबी होते.

मोठी उणीव मात्र वेगळीच. तासाच्या या फायलींत बाष्पनशील सेंद्रिय संयुगांचा (सहज वाफ होणाऱ्या, कार्बन असलेल्या रसायनांचा) स्तंभच नाही, आणि या शहराच्या ओझोनची खरी दोरी त्यांच्याच हातात आहे. शनिवार-रविवारचे आकडे वेगळे काढून पाहा: वाहनं कमी, नायट्रोजन ऑक्साइड कमी, तरी ओझोन त्या प्रमाणात उतरत नाही. विरळ हवेत जुन्या कार्ब्युरेटर इंजिनांचं मिश्रण पेट्रोलने गच्च व्हायचं आणि न जळलेले हायड्रोकार्बन, म्हणजे अशीच संयुगं, बाहेर पडायचे. त्याचा माग कार्बन मोनॉक्साइडच्या स्तंभावरून थोडाफार लागतो. गळत्या स्वयंपाकाच्या गॅसचा आणि रंगातल्या द्रावकांचा तेवढाही लागत नाही. या गळतीचा वाटा मोठा आहे हे १९९५ मध्ये ब्लेक आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं, तेही डब्यांत भरलेले हवेचे नमुने प्रयोगशाळेत तपासून.