विद्यापीठाचं गाव की महानगर: घर कुठे करावं?

ज्याला प्रवेश मिळालाय त्याचं गाव ठरलेलंच असतं, त्यामुळे हे विद्यार्थ्यांसाठी नाही. प्रश्न पडतो तो त्याच्यासोबत जाणाऱ्या जोडीदाराला, घरून काम करू शकणाऱ्याला किंवा निवृत्तीनंतर जागा बदलू पाहणाऱ्याला. इंग्लंडमधलं ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज, जर्मनीतलं गॉटिंगेन, स्वीडनमधलं उप्साला अशा विद्यापीठाच्या गावात राहावं, की सरळ लंडन-बर्लिन गाठावं?

नाटकं, मैफली आणि संग्रहालयं नुसती मोजायची म्हटली तर महानगरच जिंकणार. गाव स्वस्तात सगळं दाखवतं असंही नाही, कारण ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी लंडनमध्येही विनामूल्य पाहता येतात. पण माझ्या मते मोजायची गोष्ट वेगळी आहे. मंगळवारी संध्याकाळी, काम करून दमल्यावर, यातलं किती तुमच्या वाट्याला येईल? महानगरात कार्यक्रमाला जायचं म्हणजे बेत आखावा लागतो. तिकीट आधी काढायचं, तासभर आधी निघायचं, परतीच्या गाडीची वेळ डोक्यात ठेवायची. मग ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ म्हणता म्हणता वर्ष सरतं.

केंब्रिजला विद्यापीठाचं सत्र चालू असलं की किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमध्ये सायंप्रार्थनेला तिथला गायकवृंद गातो. त्याला तिकीट नसतं. सायकल लावायची, थोडा वेळ रांगेत उभं राहायचं आणि पंख्यासारख्या उमललेल्या त्या पाचशे वर्षं जुन्या दगडी छताखाली बसायचं. लहान मुलांचे आवाज वर चढतात आणि छतापाशी रेंगाळतात. तासाभरात तुम्ही घरी. भाजी आणायला बाहेर पडलेला माणूसही वाटेत हे ऐकून येऊ शकतो, आणि मला विद्यापीठाच्या गावाची खरी श्रीमंती यातच दिसते. कला तिथे रोजच्या वाटेवर भेटते.

शिवाय आनंद उघड्यावर साजरा होतो. गॉटिंगेनमध्ये डॉक्टरेट मिळवलेल्याला मित्रमंडळी सजवलेल्या हातगाडीत बसवून बाजारचौकात ओढत नेतात. तिथल्या कारंज्यावर हंस सांभाळणाऱ्या मुलीचा ब्राँझचा पुतळा आहे. नवा डॉक्टर वर चढतो, तिचा मुका घेतो आणि फुलं ठेवतो. चौकात उभा असलेला कुणीही टाळ्या वाजवतो. उप्सालाला ३० एप्रिलला दुपारी तीन वाजता ग्रंथालयासमोर विद्यार्थ्यांच्या हजारो पांढऱ्या टोप्या एकदम हवेत हलतात. महानगरातही विद्यापीठं असतात, पण पदवीदान सभागृहात होतं आणि शेजारच्या रस्त्याला त्याचा पत्ताही नसतो.

अर्थात सगळी दारं उघडी नसतात. ऑक्सफर्डचं बोडलियन ग्रंथालय १६०२ साली सुरू झालं, पण ते पुस्तक घरी देत नाही. १६४५ मध्ये खुद्द राजा चार्ल्सलाही नकार मिळाला होता. गाव आणि विद्यापीठ यांचं नातंही कायम गोड नव्हतं. १३५५ मध्ये दारूच्या गुत्त्यातल्या भांडणातून दंगल पेटली, साठेक विद्यार्थी मारले गेले, आणि त्याचं प्रायश्चित्त शहराचे महापौर १८२५ पर्यंत दरवर्षी घेत होते. आज तसं वैर नाही. तरी कॉलेजच्या बंद फाटकापाशी ‘आपण इथले नाही’ ही जाणीव होते. महानगरात ती सहसा होत नाही, तिथे बहुतेक सगळेच बाहेरचे.

आता सुट्ट्यांचं बघा, कारण निर्णय बहुधा इथेच फिरतो. ऑक्सफर्डचं सत्र आठ आठवड्यांचं आणि वर्षात सत्रं तीन, म्हणजे पूर्ण भरात गाव असतं ते फक्त २४ आठवडे. जूनच्या अखेरीस विद्यार्थी बॅगा आवरतात, त्यांची नाटकं आणि वादसभा थांबतात आणि रस्ते पर्यटकांच्या ताब्यात जातात. नेमक्या याच काळात लंडनमध्ये १८९५ पासून चालत आलेल्या प्रॉम्स या उन्हाळी संगीत महोत्सवाची मैफल रोज रंगत असते. महानगराला सुट्टी नसते. कुणाला ही शांतता हवीहवीशी वाटते, कुणाला खायला उठते. आपण कुठल्या गटात हे प्रामाणिकपणे ओळखा.

माणसांचंही तसंच. इंग्लंडमधली पहिली पदवी साधारण तीन वर्षांची, संशोधकांच्या नेमणुकाही मुदतीच्या. जीव लावावा आणि तीन वर्षांत निरोप द्यावा, हे विद्यापीठाच्या गावात पुन्हा पुन्हा करावं लागतं. नवी ओळख मात्र पटकन होते. व्याख्यान संपल्यावर शेजारच्या खुर्चीवरचा माणूस आपणहून बोलायला लागतो. महानगरात तीच खुर्ची न बोलता रिकामी होते.

घरभाड्याच्या बाबतीत मात्र गाव म्हणजे स्वस्त असं धरून चालू नका. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये पगाराच्या मानाने घरं फार महाग आहेत, आणि सत्राच्या तोंडावर घर शोधणं म्हणजे विद्यार्थ्यांशी शर्यत. नोकरीचंही तेच. विद्यापीठ आणि रुग्णालय सोडून तुमच्या क्षेत्रातलं काम तिथे नसेल तर रोज गाडी पकडावी लागेल. लंडनला पोचायला दोन्हीकडून साधारण तास लागतो, म्हणजे जमतं, पण मग मंगळवारच्या संध्याकाळचा माझा सगळा मुद्दाच गळून पडतो.

म्हणून रोजचं कामही गावातच किंवा घरातूनच होणार असेल तर मी बिनदिक्कत विद्यापीठाचं गाव सुचवेन. लहान मुलं किंवा वयस्कर आई-वडील सोबत असतील तर जास्तच, कारण पायी पोचता येणं त्यांनाच सर्वांत उपयोगी पडतं. करिअर अजून आकार घेत असेल, नोकरी बदलायची शक्यता असेल, तर महानगर. आणि घराचा करार करण्याआधी त्या गावाला ऑगस्टमध्ये एकदा जाऊन या. ऑक्टोबरमध्ये सत्र सुरू झालं की ते कुणालाही आवडतं.