एनसीएए एलिजिबिलिटी सेंटर: पात्रतेची तपासणी चोख, काठिण्यपातळीबद्दल मात्र मौन

अमेरिकेत हायस्कुलात शिकणाऱ्या खेळाडूला डिव्हिजन वन किंवा टू या वरच्या दोन स्पर्धागटांतल्या कॉलेजकडून खेळायचे असेल, तर एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या एलिजिबिलिटी सेंटरमध्ये (पात्रता तपासणाऱ्या केंद्रात) नोंदणी करण्यावाचून गत्यंतर नाही. मुलीच्या जलतरणाच्या निमित्ताने ही सेवा जवळून पाहिली आणि तिच्या नेमकेपणाबद्दल आदर वाटला.

येथे गुण पालकांनी कळवून चालत नाही. अधिकृत ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणांची नोंद, शाळेकडूनच थेट जावी लागते. डिव्हिजन वनसाठी 16 कोअर कोर्स (एनसीएएने मान्य केलेले मुख्य शैक्षणिक विषय) आणि त्यांत चारपैकी किमान 2.3 जीपीए (सरासरी श्रेणीगुण) लागतो. त्यांपैकी 10 कोर्स सातव्या सेमिस्टरपूर्वी, म्हणजे बारावी सुरू होण्याआधी, पूर्ण व्हावे लागतात आणि त्या दहांतले सात इंग्रजी, गणित वा विज्ञानाचे असावे लागतात. सर्वांत उपयुक्त सोय म्हणजे शाळानिहाय मान्य कोर्सची यादी, जी कोणालाही पाहता येते. नववीचे विषय निवडतानाच ती उघडावी, कारण शाळेत शिकवला जाणारा प्रत्येक विषय त्या यादीत असतोच असे नाही.

मात्र बी प्लस आणि बी मायनस या दोन्ही श्रेणींना येथे तीनच गुण मिळतात. ऑनर्स (वरच्या पातळीच्या) वा एपी (कॉलेजच्या पातळीच्या) कोर्सचा वाढीव भार शाळेने आपली पद्धत आधी कळवली असेल तरच धरला जातो, तोही जास्तीत जास्त एका गुणाइतका. त्यामुळे एपी कॅल्क्युलसमध्ये घाम गाळून मिळवलेला बी आणि सोप्या विषयातला बी यांतले अंतर जीपीएच्या अंतिम आकड्यातून प्रशिक्षकाला पुरेसे कळत नाही, आणि माझ्या मते ही उणीव गंभीर आहे. आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारख्या आठ विद्यापीठांच्या गटात) तर खेळासाठी शिष्यवृत्तीच नाही आणि प्रवेशाचा निर्णय प्रवेश कार्यालयाच्या हाती असतो. तिथे प्रशिक्षक ट्रान्सक्रिप्ट लवकर मागतात, ते विषयांची निवडही पाहण्यासाठी. अनेक खेळांत दहावीनंतरच्या 15 जूनपासून प्रशिक्षक स्वतःहून संपर्क साधू शकतात, म्हणून तोवर अनधिकृत ट्रान्सक्रिप्ट आणि स्कूल प्रोफाइल एकाच ईमेलला जोडून पाठवण्याची तयारी ठेवावी. शाळेत एपी कोर्स किती आहेत आणि गुणांना भार कसा दिला जातो, हे त्या प्रोफाइलमध्ये सहसा दिलेले असते.

महाराष्ट्रात नववी-दहावी करून इकडे आलेल्या मुलांना त्या वर्षांच्या गुणपत्रिकाही द्याव्या लागतात. त्यासाठी जुन्या शाळेशी पत्रव्यवहार वेळीच सुरू करावा.