लोखंडी खांब: काँक्रीटमध्ये गाडावा की प्लेटवर बोल्टने कसावा?

कुंपणाचे खांब उभे करायचे म्हटले की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, खड्डा खणा, खांब उभा करा आणि भोवती काँक्रीट ओता. दुसरा, आधी काँक्रीटचा पाया घाला आणि बेस प्लेट (खांबाच्या तळाला जोडलेली सपाट लोखंडी पट्टी) असलेला खांब त्यावर अँकर बोल्टने, म्हणजे काँक्रीटमध्ये रोवलेल्या बोल्टने कसा. माझे मत आधीच सांगतो. मोकळ्या मातीत गाडलेलाच खांब हवा. प्लेट वापरायची ती स्लॅब, भिंत किंवा जुना ओटा आधीपासून असेल तिथे.

कारण जोराचे आहे. 6 फुटी खांबाला वरच्या टोकाशी धक्का बसला आणि प्लेटवरच्या बोल्टांच्या दोन ओळींत 4 इंचांचे अंतर असेल, तर मागच्या ओळीतल्या बोल्टांवर त्या धक्क्याच्या साधारण 18 पट ओढ येते. बंदिस्त पत्र्याचे कुंपण असेल तर वारा हा धक्का रोज देतो. बोल्ट भिंतीच्या कडेला फार जवळ घेतले तर काँक्रीटचा टवकाच निघतो. गाडलेल्या खांबाचा हा जोर खोलीभर पसरून मातीवर जातो. मात्र खोली पुरेशी हवी. 6 फूट उंचीसाठी निदान 2 फूट, शक्यतो अडीच ते 3. खड्ड्याचा व्यास पाइपच्या तिप्पट-चौपट ठेवावा. माती फुगणारी चिकण असेल किंवा हिवाळ्यात जमीन गोठत असेल, तर खड्डा तळाशी थोडा रुंद करावा. वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा केला, तर फुगणारी माती काँक्रीटचा गोळा खांबासकट वर उचलते.

गंजाच्या बाबतीत मात्र गाडलेल्या खांबाकडे जास्त लक्ष द्यावे लागते. काँक्रीटच्या आत लोखंड सुरक्षित असते, कारण सिमेंटच्या अल्कधर्मामुळे त्यावर गंज रोखणारा पातळ थर तयार होतो. खांब कुजतो तो काँक्रीट जिथे संपते त्या रेषेवर. म्हणून काँक्रीट जमिनीच्या थोडे वर आणून, खांबापासून बाहेर उतार देऊन घोटावे. वरून पाणी आत जाऊ नये म्हणून पाइपला टोपी बसवावी. तळाशी 4 ते 6 इंच खडी घालून पाइपचे तोंड त्या खडीवरच टेकवावे, म्हणजे आत साचलेले पाणी निथळते. पाइप जीआयचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा घ्यावा. ॲल्युमिनियमच्या खांबाला मात्र ओले सिमेंट खाते, त्यामुळे गाडायचा भाग आधी डांबरी रंगाने झाकावा. प्लेटचा खांब जमिनीच्या वर राहतो, त्यामुळे गंज दिसतो आणि रंग मारता येतो. प्लेटखाली पाणी साचू नये म्हणून ग्राउट (फट बुजवणारा सिमेंटचा मसाला) भरणे आलेच.

बदलण्याच्या सोयीत प्लेट सरळ जिंकते. नट सैल केले की खांब निघतो. गाडलेला वाकला तर काँक्रीट फोडावे लागते. वाहनाची धडक बसण्याची शक्यता असेल, तर त्या एका जागी तिसरा मार्ग घ्यावा. काँक्रीटमध्ये जाड पाइपची बाही गाडायची आणि खांब त्यात उतरवायचा.

वेळेचा हिशेब मात्र दोघांचा जवळजवळ सारखाच आहे. गाडलेल्या खांबावर जाळी ताणण्यापूर्वी काँक्रीटला निदान 7 दिवस पाणी मारावे. पूर्ण ताकद 28 दिवसांनी धरतात. नवा पाया घालून प्लेट बसवणार असाल तर तिथेही तेवढेच थांबायचे आहे. खड्ड्यात कोरडे मिश्रण टाकून वरून पाणी ओतण्याचा झटपट प्रकार टाळाच. तळाशी कोरडे थर राहतात आणि ते वरून दिसत नाहीत.

कोपऱ्याचे, टोकाचे आणि गेटचे खांब यांना वेगळा नियम. जाळीची सगळी ओढ यांच्यावर येते, म्हणून ते जास्त खोल आणि जास्त जाड गाडावेत, तिरका टेकू द्यावा. तिथे प्लेट लावायचीच असेल तर ती जाड हवी, खांब आणि प्लेट यांच्या कोनात कान, म्हणजे आधाराच्या तिकोनी पट्ट्या वेल्ड केलेली हवी, आणि खालचे काँक्रीट फरशीचा पातळ थर नसून खरा पाया आहे याची खात्री करूनच छिद्रे पाडावीत.