एचडीआर मॉनिटर, लिनक्स आणि ते मेलं ब्राइटनेसचं बटण: सात महिन्यांनंतर

पहिला अर्धा भाग रागात लिहिलाय. पुढे मत बदललं, पण राग खोडायला मन होत नाही, म्हणून तसाच ठेवतो.

मॉनिटर 27 इंच, 1440पी, डिस्प्लेएचडीआर 400. एचडीआर म्हणजे साध्या चित्रापेक्षा जास्त उजेड-अंधार दाखवणारं चित्र, आणि 400 म्हणजे जास्तीत जास्त उजेड, निट्स या मापात. ग्राफिक्स कार्ड एएमडीचं, फेडोरा लिनक्सवर केडीई प्लाझ्मा 6.4 हा डेस्कटॉप, आणि खिडक्या पडद्यावर मांडायला वेलँड. विंडोज घ्यायचे पैसे वाचवून ते मॉनिटरमध्ये घातले. हा हिशेब घरी अजून कुणाला पटलेला नाही.

तर, बटण. एचडीआर चालू केलं की मॉनिटरच्या मेनूतला ब्राइटनेस करडा पडतो. दाबा किती दाबायचं ते. रात्री अकराला पांढरी एक्सेल शीट उघडली की डोळ्यांत मिरची गेल्यासारखं होतं. कंपनीचं लॉजिक मला कळतं. एचडीआर सिग्नलमधला प्रत्येक आकडा म्हणजे ठरलेले निट्स, त्यात वापरणाऱ्याने हात घालू नये. पण खोली माझी आहे ना! एवढे पैसे मोजून बटण नुसतं शोभेला?

मग सिस्टीम सेटिंग्जमधला स्लायडर ओढला, एसडीआर ब्राइटनेस, म्हणजे एचडीआर नसलेल्या साध्या चित्राचा उजेड, 120 निट्सवर आणला. डोळे शांत. पंधरा दिवसांनी सायबरपंक 2077 हा गेम लावला, तर त्यातल्या नाइट सिटीतले निऑन दिवे लोडशेडिंगमधल्या बल्बासारखे. गेम वेगळ्या पडद्यात चालवणाऱ्या गेमस्कोपमधून चालवून पाहिलं. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन-जीई टाकून त्यातले वेलँड आणि एचडीआर दोन्ही ऑप्शन चालू केले. गेममधला कमाल ब्राइटनेस 1000 केला. त्याने उजेड वाढला नाहीच, उलट दिव्यांच्या मध्यभागी पांढरे डाग पडले. 400 च्या पॅनेलला 1000 सांगितल्यावर दुसरं काय होणार.

पॅनेलच गेलंय असं ठरवून मॉनिटर मांडीवर घेतला आणि साताऱ्याहून पुण्याला एसटीने सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथल्या मुलाने स्वतःचा विंडोज लॅपटॉप जोडला. चित्र लख्ख. "लिनक्स वॉरंटीत येत नाही काका," म्हणाला. तपासणीचे 350 रुपये. माझं वय चौतीस आहे.

इथून पुढे थंड डोक्याने लिहिलंय.

चोर माझाच स्लायडर निघाला. एचडीआरमध्ये साध्या पांढऱ्यासाठी 203 निट्स हा संदर्भ धरतात. केविन, म्हणजे प्लाझ्माचा कंपोझिटर (सगळ्या खिडक्या एकत्र करून पडद्यावर दाखवणारा भाग), गेमचा तो 203 आणून डेस्कटॉपच्या पांढऱ्यावर बसवतो. तो मी 120 केला होता, त्यामुळे अख्खा गेम साधारण साठ टक्क्यांवर आला. 400 ची ठिणगी 240 च्या आसपास. कंपोझिटर त्याच्या परीने बरोबरच होता: डेस्कटॉप मंद हवा म्हणणाऱ्याला गेम तरी डोळ्यांत खुपणारा कशाला हवा?

स्लायडर 200 वर नेला. 6.4 मध्ये आलेला एचडीआर कॅलिब्रेशनचा विझार्ड चालवला. गेममधला कमाल ब्राइटनेस 400 वर आणला आणि पेपर व्हाइट (साध्या पांढऱ्याचा उजेड) 200 ठेवला. पावसातले रस्ते पहिल्यांदा ओले दिसले. लोकल डिमिंग, म्हणजे पडद्यामागचा दिवा भागाभागाने मंद करणं, यात नाही, त्यामुळे काळा रंग करडाच राहतो. या किमतीत ते मान्य.

म्हणजे मॉनिटरला माफी. बटणाला नाही. ते चाललं असतं तर मी स्लायडरला हात लावला नसता आणि एसटीचं भाडं नि 350 रुपये खिशात राहिले असते.

सध्या पाऊस आहे, साताऱ्यात दुपारी चारलाच दिवा लावावा लागतो, तेव्हा स्लायडरवर 150 निट्स पुरतात. ऊन पडलं आणि खिडकी उघडली की 200. प्रत्येक वेळी गेममधून बाहेर या, सेटिंग्ज उघडा, माऊसने ओढा. बटण वीतभर अंतरावर आहे.