सरकारी दवाखान्यातली सर्पदंशाची सेवा: एकीकडे २ स्टार, दुसरीकडे ५

कोकणात भातकापणीच्या वेळी आमच्या काकांना फुरसं चावलं, तेव्हा दोन सरकारी दवाखाने बघून झाले म्हणून लिहितेय, नावं मुद्दाम घेत नाही.

आधी जवळची पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र. सापाचं इंजेक्शन फ्रीजमध्ये होतं, पण डॉक्टर नुकताच एमबीबीएस झालेला मुलगा, सोबतीला एकच सिस्टर, इंजेक्शनने रिअ‍ॅक्शन येऊन बीपी पडलं तर एकटा कसा सांभाळू म्हणून त्याने सलाइन लावून पुढे पाठवलं. त्या मुलाचा राग नाही हो, त्याला हे कुणी हाताला धरून शिकवलेलंच नव्हतं. सेवेला २ स्टार.

१०८ ने ग्रामीण रुग्णालयात पोचलो आणि तिथल्या स्टाफला मात्र मानलं. सिस्टरनी काचेच्या कोरड्या ट्यूबमध्ये थोडं रक्त घेतलं, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवलं, मग ट्यूब तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं, म्हणजे विष भिनलं होतं. लगेच सापाच्या इंजेक्शनच्या १० व्हायल सुरू, रिअ‍ॅक्शन आलीच तर म्हणून शेजारी अ‍ॅड्रेनलिन भरून तयार. टेस्टला मशीन नाही की लॅब नाही, फक्त करणारा माणूस शिकलेला पाहिजे. काका वाचले, पैसा लागला नाही. ५ स्टार.

मग हे ट्रेनिंग सगळीकडे का नाही? कारण आकडाच खरा नव्हता. सरकारी नोंदीत देशात सर्पदंशाने वर्षाला सुमारे २ हजार मृत्यू, आणि घरोघरी विचारून केलेल्या मिलियन डेथ स्टडीचा अंदाज २००० ते २०१९ मध्ये वर्षाला सरासरी ५८ हजार! मांत्रिकाकडे, वाटेत किंवा घरीच माणूस गेला की दवाखान्याच्या रजिस्टरात येतच नाही, मग कागदावर प्रश्न बारका दिसतो आणि स्टाफ, ट्रेनिंग सगळंच त्या मापाने मिळतं. आपल्याच महाडमध्ये डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून किती जीव वाचवले, म्हणजे छोट्या दवाखान्यात ज्ञान तयार होऊ शकतं, ते पसरवायला मात्र यंत्रणा लागते.

२०२४ मध्ये केंद्राने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचा आराखडा आणला, नोव्हेंबरमध्ये राज्यांना प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करा म्हणून कळवलं, फार चांगलं झालं. आता पावसाळ्याआधी पीएचसीच्या डॉक्टरांना या सिस्टरांच्या हाताखाली थोडे दिवस तरी बसवा.